जुनी इमारत, नवी विंग आणि मधला सांधा : वसतिगृहातल्या आवाजाचं काय करायचं?

टीस्क्वेअर :

नमस्कार मंडळी. आजवर घरं आणि ऑफिसं केली, वसतिगृह पहिल्यांदाच हातात आलंय. म्हणून इथे विचारतोय.

दोन इमारतींचं मिळून एक वसतिगृह व्हायचंय. जुनी इमारत तळमजला अधिक दोन. भार भिंतींवर, विटा, ४५० मिमी जाडी, चुन्याचा गिलावा, वरचे मजले कडीपाटाचे (लाकडी कड्या, त्यांवर फळ्यांचा पाट). तिच्या शेजारी नवी आरसीसी विंग उभी राहतेय, पाच मजली (तळमजला पहिला धरून). खोल्यांमधल्या भिंती १०० मिमी एएसी ब्लॉकच्या (हवेच्या पोकळ्यांचं हलकं काँक्रीट). खालच्या दोन मजल्यांचं ब्लॉककाम झालंय, वरचं बाकी. दोन्हींच्या मध्ये काचेच्या छताचा जोडमार्ग. जुन्या भागात तळमजल्यावर १४ बाय ८ मीटरचं दालन आहे, उंची पाच मीटर. तिथे अभ्यासिका, तिच्यावर दोन मजले खोल्या. खाली कमानी छताचं तळघर आहे, तिथे गप्पांची खोली करावी असं मनात आहे.

मालकांना सगळं उघडं हवंय. जुन्या भागात गिलावा काढून वीट दाखवायची, कडीपाट खालून दिसलाच पाहिजे. नव्या भागात काँक्रीटचं छत तसंच, जमीन पॉलिश केलेली. फॉल्स सीलिंगचं नाव काढायचं नाही. एका विक्रेत्याने ५० मिमी फोमचा नमुना आणून दिला आणि म्हणाला, भिंतीला चिकटवा, शेजारचा आवाज बंद.

माझे प्रश्न : कुठलं पॅनेल, कुठल्या भिंतीला, किती? जुन्याचं रूप न बिघडवता हे जमेल का? आणि पैसे मोजके आहेत, तर आधी कुठे घालू?


चौथा_मजला :

मी या क्षेत्रातला नाही, वसतिगृहात राहून नुकताच बाहेर पडलोय. आमच्याकडेही एक बाजू जुनी, एक नवी होती. कोणी काही म्हणो, मला छळलं ते या गोष्टींनी : वरच्या खोलीत रात्री दोनला खुर्ची ओढणारा इसम. पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालत फोनवर बोलणारे. धाडकन आपटणारी दारं. शेजाऱ्याचा पलंग भिंतीला टेकलेला, तो कुशीवर वळला की मला कळायचं. बाथरूमच्या हवेच्या शाफ्टमधून खालच्या मजल्यावरचं भांडण शब्दन्‌ शब्द ऐकू यायचं (ते मात्र आम्ही आवडीने ऐकायचो).

अभ्यासिकेत पेन पडलं तरी सगळे मान वर करायचे. त्यामुळे तिथे कोणी बोलायचं नाही, बोलायला जिन्यात जायचे आणि जिना असा घुमायचा की सगळ्या मजल्यांना विषय कळायचा. बोलायला जागा ठेवा एवढीच विनंती.


भिंतभर :

अंड्यांचे कागदी ट्रे लावा. रेकॉर्डिंगवाले पूर्वी तेच लावायचे. रंग मारला की छान दिसतात.


कानोसा :

टीस्क्वेअर, पॅनेलचं नंतर बघू. वरच्या तीन मजल्यांचं ब्लॉककाम उद्या थांबवता येत असेल तर थांबवा.

चौथ्या मजल्याची यादी पुन्हा वाचा. मी ज्या वसतिगृहांच्या तक्रारींचे कागद पाहिलेत त्यांतल्या कुठल्याही कागदाशी ती जुळेल. जिना सोडला तर त्यात घुमण्याची तक्रार नाहीच, सगळी तक्रार दुसऱ्याच्या आवाजाची आहे. भिंतीवर लावलेलं पॅनेल त्याच खोलीतला आवाज त्याच खोलीत घुमू देत नाही, इतकंच त्याचं काम. पलीकडे जाणारा आवाज अडवायला वजन लागतं, किंवा एकमेकांना न टेकणारे दोन थर आणि मध्ये अंतर लागतं, आणि दोन्हीकडे फटी बंद लागतात. तुमच्या फोमचं वजन चौरस मीटरला एक-दीड किलो असेल. भिंतीला मखमल नेसवली म्हणून शेजारी गप्प बसत नाही. शिवाय साधा पॉलियुरेथेन फोम पेटला की काळा विषारी धूर होतो, आणि इथे माणसं झोपणार आहेत. भिंतभर, ट्रेचंही तेच : वजन नाही, शोषणही जेमतेम, जळतो मात्र झकास.

आता भिंती. वजन दुप्पट झालं की कागदावर ६ डेसिबल वाढतात, प्रत्यक्षात पाचच्या आसपास. तुमची १०० मिमीची ब्लॉकभिंत दोन्ही बाजूंच्या गिलाव्यासकट चौरस मीटरला शंभर किलोच्या घरात जाते. प्रयोगशाळेत ती ४० डेसिबलच्या आसपास अडवेल, साइटवर त्याहून कमी. म्हणजे पलीकडे कोणी जरा आवाज चढवून बोललं की काय बोललं ते समजणार. जुनी ४५० ची वीटभिंत आठशे किलोच्या पुढची आहे, तिच्यासमोर ही काहीच नाही. 'जुनी इमारत आहे, आवाज येणारच' असं ज्या बाजूबद्दल सगळे म्हणतात, तिच्या भिंती तुमच्या नव्या विंगपेक्षा कितीतरी चांगल्या आहेत. जुनीचा दोष जमिनीत आणि दारांत आहे. नवीचा दोष भिंतींत आहे. पैसे त्या-त्या ठिकाणी घाला.

तुलनेसाठी : इंग्लंडच्या बांधकाम नियमांत वसतिगृहासारख्या इमारतींत खोल्यांमधल्या भिंतीने प्रत्यक्ष जागेवर मोजून किमान ४३ डेसिबल अडवावेत असं आहे, आणि त्या आकड्यात खर्जाच्या आवाजासाठी वजावट आधीच धरलेली असते. जुन्या इमारतीचं रूपांतर असो की नवं बांधकाम, भिंतीचा आकडा तोच. सवलत फक्त जमिनीला : नव्या जमिनीला ४५ आणि रूपांतरित जमिनीला ४३. पावलांच्या दणक्याला नव्यात ६२ पर्यंत मुभा, जुन्यात ६४ पर्यंत (हा आकडा जितका कमी तितकं चांगलं). नियम लिहिणाऱ्यांनाही जुन्याची दुखरी बाजू जमीनच वाटली हे लक्षात घ्या.

वरच्या तीन मजल्यांवर ब्लॉकऐवजी दुहेरी भिंत करा : धातूच्या दोन वेगळ्या चौकटी, एकमेकींना कुठेही न टेकणाऱ्या, मध्ये १०० मिमी रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर), दोन्ही बाहेरच्या अंगांना साडेबारा मिमीच्या जिप्सम बोर्डाचे दोन-दोन थर. वजन ब्लॉकभिंतीच्या निम्मं, आणि प्रयोगशाळेत साठीच्या आसपास. खोलीमागे दहाएक सेंटिमीटर जागा जाते, ती द्या. भिंत स्लॅबपासून स्लॅबपर्यंत न्या. दोन खोल्यांचे प्लग पाठीला पाठ लावून बसवू नका, त्या दोन खोक्यांमधून सगळी मेहनत वाहून जाते.

जे दोन मजले झालेत तिथे पाडापाडी नको. ब्लॉकभिंतीच्या एका अंगाने स्वतंत्र चौकट उभी करा, भिंतीला न टेकता, दोन बोर्ड, मागे रॉकवूल. इथे कंत्राटदार हटकून म्हणेल की बॅटन मारून २५ मिमीवर एक बोर्ड लावतो, जागा वाचेल. त्याला हा हिशेब दाखवा. बोर्ड आणि मधली हवा मिळून वजन-स्प्रिंग तयार होते आणि तिची स्वतःची एक कंपनसंख्या असते. चौरस मीटरला दहा किलोचा एक बोर्ड २५ मिमीवर लावला तर ती १२० हर्ट्झच्या आसपास येते. पोरांच्या स्पीकरचा खर्ज नेमका तिथेच वाजतो, म्हणजे भिंत होती त्याहून वाईट होईल. वीस किलो, म्हणजे दोन बोर्ड, आणि अंतर १०० मिमी केलं की ती चाळीसच्या घरात उतरते. मग त्रास उरत नाही.

दार. खोलीची पॅसेजकडची भिंत दारासकट दहा चौरस मीटर धरा. दाराखाली ९०० मिमी लांब आणि १० मिमी उंच फट. झाली नव्वद चौरस सेंटिमीटर, भिंतीच्या हजाराव्या भागाहूनही कमी. तेवढ्या फटीने ती अख्खी भिंत ३० डेसिबलवर येऊन बसते. मग दार सागवानी घ्या की शिशाचं, आकडा तिथून हलत नाही. भरीव दार, चौकटीला तिन्ही बाजूंनी रबरी पट्टी, खाली उंबरठा किंवा आपोआप उतरणारी पट्टी, आणि दार सावकाश मिटवणारा क्लोजर. धाडकन आपटण्यावरही हाच उपाय. मात्र फट बंद केली की हवा कुठून येणार हे त्याच दिवशी ठरवा, नाहीतर मुलं दार उघडं ठेवून झोपतील आणि मग सगळंच मुसळ केरात.

आता मधला सांधा, कारण याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. जुनी इमारत बसायची ती बसून मोकळी झाली आहे, नवी अजून बसणार. म्हणून स्ट्रक्चरवाल्यांनी दोन्हींमध्ये मोकळा सांधा सोडला असणार, ५० मिमीचा म्हणा. तोच सांधा आवाजासाठीही सोनं आहे, कारण नव्या स्लॅबवरची पावलं, लिफ्टचा दणका, पंपाची घरघर जुन्या भिंतींपर्यंत पोचायला तिथे रस्ताच उरत नाही. नकाशावर. साइटवर त्या सांध्यात काय काय पडलेलं असतं ते बॅटरी घेऊन वरून बघा : शटरिंगच्या फळीचा तुकडा, गळून घट्ट झालेला माल, विटांचे खांडके, एखादी सळई. एका ठिकाणी जरी दोन्ही इमारती एकमेकींना टेकल्या तरी दणका तिथून पार होतो, आणि एकदा झाकण बसलं की पुन्हा कोणी बघत नाही. आत्ता साफ करून घ्या, दबणारं रॉकवूल आणि आगरोधक भरण घाला. सिमेंटने बुजवायला कोणी निघालं तर त्याचा हात धरा. पाण्याचे पाइप आणि केबलचे ट्रे सांधा ओलांडतात तिथे लवचीक तुकडा द्या.

सांध्यावर जमिनीत जी धातूची पट्टी बसते ती एकाच बाजूला पक्की, दुसरीकडे रबरावर सरकणारी. जमिनीशी अगदी सपाट. नाहीतर परगावाहून पहाटे येणाऱ्या प्रत्येक पोराच्या बॅगेची चाकं त्यावर खाड-खाड वाजतील आणि काचेचं छत ते दोन्ही इमारतींना वाटेल. जोडमार्गाच्या दोन्ही टोकांना दारं घ्या.

शेवटी अभ्यासिका. इथे तुमची पॅनेल लागतील. १८९५ मध्ये हार्वर्डमधल्या फॉग संग्रहालयाचं व्याख्यानगृह दुरुस्त करायला वॉलेस सॅबिन यांना सांगितलं होतं. रिकाम्या सभागृहात आवाज विरायला साडेपाच सेकंद लागत होते. त्यांनी सँडर्स थिएटरमधल्या बैठकींच्या गाद्या रात्री आणून, थोड्या-थोड्या वाढवत मोजणी केली. त्यातून निघालेलं सूत्र आजही चालतं : घनफळाला ०.१६१ ने गुणा, एकूण शोषणाने भागा. तुमचं दालन ५६० घनमीटर. वीट, पॉलिश जमीन, काच धरून शोषण १८ च्या आसपास (आवाज पूर्ण गिळणाऱ्या १८ चौरस मीटर पृष्ठभागाइतकं), म्हणजे पाच सेकंद. चाळीस मुलं बसली तर ३४ होईल, तरी अडीच सेकंदांच्या वर. एक सेकंदावर आणायचं तर ९० लागतं. उरलेले ५६ चांगल्या प्रतीच्या शोषकातून, म्हणजे साधारण ६२ चौरस मीटर. तुमचं छत ११२ चौरस मीटरचं आहे. छताचा निम्म्याहून थोडा जास्त भाग पुरेल, आणि भिंतीची वीट तशीच दिसू दे. कडीपाटाच्या दोन कड्यांमध्ये काळं कापड मढवलेलं रॉकवूल बसवा, कड्या खाली दिसत राहतील. मालकही खूश. वरच्या खोल्यांना खालचा आवाज जाऊ नये म्हणून त्यावर बोर्डाचे दोन थर मारून कड्यांमधली पोकळी बंद करून टाका.


गिलावा :

कानोसाताईंचं बाकी सगळं मान्य, शेवटच्या वाक्याला माझा विरोध. कड्यांची टोकं भिंतीत रुतलेली असतात, आणि जुन्या भिंतीत ओल येते-जाते. ती टोकं हवेवर असतात म्हणून इतकी वर्षं टिकली. खालून बोर्डाने बंद केलंत तर आत कुजायला लागतील आणि कोणाला दिसणारही नाही. रॉकवूल बसवा, पण पाटापासून बोटभर खाली आणि भिंतीपाशी वीतभर जागा सोडून. आवाज वरून अडवा.

वरून अडवताना आणखी एक. पाटावर माती-चुन्याचा जाड थर असतो, त्यावर फरशी किंवा कोबा. 'वजन कमी करू' म्हणत कंत्राटदार पहिल्याच आठवड्यात ती माती टोपल्यांनी खाली काढतो. तीच माती आवाज गिळत होती! परदेशातही जुन्या लाकडी जमिनींत कड्यांमध्ये वाळू, राख, चिकणमाती भरलेली सापडते, ती याचसाठी. स्ट्रक्चरवाल्यांकडून कड्या आणि टोकं तपासून घ्या. निभत असेल तर थर राहू द्या, एखादी कडी बदलावी लागली तरी परवडतं.

आणि वीट उघडी करण्याबद्दल. चुन्यात बांधलेल्या भिंतीचा गिलावा बहुधा पहिल्यापासून होता, आतली वीट दाखवायसाठी घडवलेली नसते. खरवडलंत की दर्जा (विटांमधले मालाचे सांधे) मोकळ्या होतात, आरपार बारीक फटी निघतात, आणि ताईंनी दाराखालच्या फटीचा जो हिशेब मांडला तोच भिंतीला लागू होतो. फार हौस असेल तर अभ्यासिकेची एक भिंत उघडी करा आणि दर्जा चुन्याच्याच मालाने भरा. सिमेंट लावू नका, ओल आत कोंडते आणि वीट पापुद्र्यांनी सुटते. खोल्यांमधल्या भिंतींचा गिलावा ठेवाच.


रेक्टरबाई :

मी वसतिगृह चालवते, बांधत नाही. तुम्ही बसवता आणि मग आम्ही सांभाळतो, म्हणून चार शब्द.

खुर्चीच्या पायांना चिकटवायचे फेल्टचे गोल तुकडे पहिल्या सत्रात गळून पडतात. पायात ठोकून किंवा स्क्रूने बसणारे घ्या, नाहीतर खुर्चीच अशी घ्या जिला सळईचे वळवलेले पाय आहेत. कापडाची पॅनेल हाताला येतील अशा उंचीवर लावू नका. त्यांवर वेळापत्रकं टाचली जातात, डोकी टेकून तेलाचे डाग पडतात. आपोआप उतरणारी दारपट्टी छान, पण तिचा स्क्रू वर्षातून एकदा कोणीतरी पिळायला हवा. सुटे भाग आणि माहितीचा कागद आमच्या ताब्यात देऊन जा. कपाटं दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीला लावा, पलंग तिच्यापासून लांब. आणि पलंग भिंतीला बोल्टने जखडू नका, सुताराला सांगितलं नाही तर तो जखडतोच.


टीस्क्वेअर :

सगळ्यांचे आभार. ब्लॉककाम थांबवलंय, कंत्राटदार तोंड फुगवून बसलाय. सांधाही बघून आलो. तिसऱ्या मजल्याच्या पातळीला स्लॅबची कड जुन्या भिंतीला दोन ठिकाणी चक्क टेकलीय, आणि खाली मालाचा ढीग. कामाला माणसं लावली.

तीन शंका उरल्यात. एक, जुन्याची तयार जमीन नव्यापेक्षा ९० मिमी खाली आहे. जोडमार्गात उतार देऊन जुळवायचं ठरलं होतं. जमिनीवर आवाजासाठी काही थर द्यायचा झाला तर किती जाडी लागेल? दोन, तळघराच्या कमानीखाली उभं राहून टाळी वाजवली तर आवाज डोक्यावर येऊन आदळतो. तिथे गप्पांची खोली करावी की नाही? तीन, हे सगळं कंत्राटात कसं लिहू म्हणजे नंतर वाद होणार नाही?

गिलावाकाका, मालकांना एका भिंतीवर राजी केलंय.


कानोसा :

गिलावाकाकांची टोकांबद्दलची हरकत योग्य आहे. खालून बोर्ड नको, वरूनच करू. आणि त्यासाठी ते ९० मिमी आयतेच मिळालेत तुम्हाला, उताराच्या नावाने घालवू नका. सध्याच्या जमिनीवर ३० मिमी घट्ट रॉकवूलचे तक्ते, त्यावर १८ मिमीचे दोन बोर्ड, सांधे एकमेकांवर न येतील असे आडवे-उभे, वर पातळ लिनोलियम किंवा लाकडी फिनिश. सत्तरच्या आत बसतं. उरलेले वीसएक मिमी जोडमार्गात सहज सामावतील. उंच झालेल्या जमिनीमुळे दारं खालून कापावी लागतील आणि जिना उतरताना शेवटची पायरी बुटकी होईल, त्याचा हिशेब आधीच करून ठेवा. पायरीत फरक पडला की माणूस अडखळतो.

यात जीव कडेला असतो. तरंगती जमीन भिंतीला टेकता कामा नये, चारही बाजूंनी फोमची पट्टी उभी करायची, आणि स्कर्टिंग भिंतीला बसवून जमिनीपासून दोन-तीन मिमी वर ठेवायचं. फरशीवाला ती पट्टी कापून फटीत ग्राउट भरतो. तेवढ्याने काम वाया. त्या दिवशी तिथे उभे राहा. पावलांचा हलका टकटकाट गालिच्यानेही जातो, पण लाकडी मजल्यावरचा धप्प आवाज, उडी मारल्याचा, गालिच्याने जात नाही. त्याला माती आणि हा थर दोन्ही हवेत. म्हणून माती टाकू नका या काकांच्या म्हणण्याला माझं डबल अनुमोदन. वाढीव वजन चौरस मीटरला तीसएक किलो येईल, ते स्ट्रक्चरवाल्यांच्या हिशेबात धरा. नव्या विंगेतल्या पॉलिश काँक्रीटखाली काहीच नाही हे मी विसरलेले नाही. १५० मिमीचा उघडा स्लॅब पावलांच्या दणक्याला ७५ च्या आसपास मोजतो, इंग्लंडच्या ६२ पासून फार लांब. तिथे खोल्यांत रबरी पाठीचं विनाइल घाला. 'पॉलिश जमीन हवी' हा हट्ट पॅसेजपुरता ठेवा. खरं तर पॅसेजमध्येही नको, पण मालकांच्या सगळ्याच हौशींना नाही म्हणता येत नाही.

तळघर. कमानीचा वक्र आवाज एका रेषेत गोळा करतो, आणि ती रेषा माणसाच्या डोक्याच्या उंचीला आली की तुम्ही सांगताय तसं होतं. वाकड्या भिंतींचं वसतिगृह जगात नाही असं नाही. ऑस्लोमध्ये धान्याच्या कोठाराचं विद्यार्थी निवास झालंय, २००१ पासून. अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनमध्येही ओट्सच्या कोठारांचं आधी हॉटेल झालं, मग विद्यापीठाने ते घेऊन विद्यार्थी ठेवले. दोन्हीकडे खोल्या गोल. जोहान्सबर्गमध्ये तर कोठारांवर वर शिपिंग कंटेनर रचून विद्यार्थ्यांच्या खोल्या केल्यात. जाड काँक्रीट खाली आणि पातळ पत्रा वर, दोन टोकांचे दोन स्वभाव. तेव्हा वक्राला घाबरू नका, पण त्याला तोंड देऊन ठेवा. कमानीच्या पोटाशी, मधल्या पट्ट्यात, वेगवेगळ्या उंचीवर शोषक तक्ते आडवे टांगा, चुन्याला भोकं न पाडता, तारेवर. जमिनीला जाड गालिचा, बसायला गुबगुबीत. सतरंजीवरच्या गप्पांना आवाज कमी लागतो, उंच स्टूल आणि गोल टेबल ठेवलीत की सगळे ओरडतात. वर अभ्यासिका आहे आणि मध्ये जड कमान आहे, तेव्हा छतातून त्रास नाही. तळघराच्या जिन्याचं दार तेवढं खोलीच्या दारासारखंच पट्ट्यांचं घ्या. गप्पांची खोली कराच. चौथा मजला म्हणतोय तेच, बोलायला जागा नसली की लोक जिन्यात बोलतात.

रेक्टरबाईंची कपाटाची सूचना घ्या, पण दुहेरी भिंतीऐवजी कपाट नाही चालत. भिंत चांगली असेल तर कपाट दोन-तीन डेसिबलची भर घालतं, भिंत वाईट असेल तर कपाटाची पाठ वाजते.

कंत्राट. 'साउंडप्रूफ भिंत' असं कुठेही लिहू नका, त्यावर कोणी बांधील राहत नाही. प्रयोगशाळेतला आकडाही लिहू नका, कंत्राटदार कॅटलॉगचं पान दाखवून मोकळा होईल. लिहायचं ते असं : तयार इमारतीत, आयएसओ १६२८३ (इमारतीत जागेवर आवाज मोजायचं आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणे मोजून, खोली ते खोली हवेतून येणारा आवाज किमान इतके डेसिबल अडला पाहिजे, वरून खाली पावलांचा दणका इतक्याहून जास्त येता कामा नये. आकडे स्ट्रक्चरवाले आणि ध्वनिसल्लागार यांच्यासोबत बसून ठरवा, वरचे इंग्लंडचे आकडे तळ समजा. मोजायच्या जोड्या आधीच नमूद करा : नव्या विंगेत एक ब्लॉकभिंतीची आणि एक दुहेरी भिंतीची, जुन्यात वर-खाली एक, आणि सांध्याच्या अल्याड-पल्याड एक, ती सगळ्यात महत्त्वाची. नापास झालं तर उघडून दुरुस्ती कंत्राटदाराच्या खर्चाने, आणि पुन्हा मोजणीही त्याच्याच.

आणि दोन खोल्या आधी पूर्ण करून घ्या, दारं, प्लग, जमीन, सगळ्यासकट. त्या मोजा. मगच बाकीच्यांचे बोर्ड साइटवर मागवा.


टीस्क्वेअर :

दोन खोल्यांचं मालकांना आजच सांगतो. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन घेतो, सांध्याला लागून आहेत.


कानोसा :

सांध्याला लागून एक घ्या, दुसरी तिच्या बरोबर खालची. शेजारच्या दोन घेतल्यात तर जमीन मोजायची राहून जाईल. आणि ती खालची दुसऱ्या मजल्यावर येते, म्हणजे ब्लॉकवर चौकट उभारायची पद्धतही तिथेच तपासून होईल.